लई ऐकणारं मशीन

आळेफाट्यापासून घोडेगावापर्यंतच्या बेंजो पार्टीवाल्यांचे मला फोन येतात. "आक्का, गिटारचं मशीन इकायला आलंय, घेऊ का?" मी म्हणते, घ्या. मंग म्हणते, घेऊ नका. त्यांना वाटतं म्हातारी चळली. पण दोन्ही खरं हाय, आन् का खरं हाय ते आज नीट सांगते. मला जोडून जोडून वाचता येतं, पण लिहिणं जमत न्हाई. मी बोलते आन् नात लिहिती. तिला सांगितलंय, माझं बोलणं धुवून काढू नको.

आधी बेंजो काय असतो ते सांगते. वरातीत समद्यांनी ऐकलेला असतो, पण जवळून बघितलेला नसतो. लाकडाची लांबोडी पेटी, तिच्यावर तारा, आन् तारांवर टाइपरायटरसारखी बटणं. डाव्या हातानं बटण दाबायचं, उजव्या हातानं तारा छेडायच्या. नुसता वाजवला तर शेजारच्या घरात जाणार न्हाई त्याचा आवाज. म्हणून त्याला वायर लावून मशीनला जोडायचा. मशीन त्यो आवाज मोठा करून म्होरं स्पीकरच्या बॉक्सांना देतं. टेम्पोत मागं जनरेटर, मधी मशीन, म्होरं बेंजोवाला, आन् खाली रस्त्यावर ढोल-ताशा. झाली पार्टी.

आमचे मालक बेंजो वाजवायचे. त्यांच्या वाडवडलांनी मेंढरं राखली, ह्यांनी मेंढरामागं फिरता फिरता बासरी उचलली आन् पुढं बेंजो. धाकला दीर बबन टेम्पो चालवायचा. मी पार्टीचा सैपाक करायचे. ऐन लगीनसराईत आमचा मशीनवाला दुसऱ्या पार्टीत गेला, तवा मी मशीनवर बसले ती बसलेच. तवा लोक म्हणायचे, "मशीनवर बाई? ह्यांच्यात गडीमाणूस न्हाई का?" बबन त्यांना म्हणायचा, "जाळ कुठं कमी करायचा आन् कुठं वाढवायचा ते बाईला कळतं. तुमी भाकर करपवताल, पावणं."

आमचं पयलं मशीन साधं व्हतं. जेवढं घ्यायचं तेवढं द्यायचं. मंग मंचरच्या एका वाजंत्री दुकानात हे गिटारचं मशीन इकायला आलं. काळं, जडशीळ, आत जुन्या रेडिओत असत्यात तसे काचंचे दिवे. दिवे तापल्याबिगर आवाज न्हाई. मालकांनी एक तार छेडली आन् दुकानातली समदी माणसं वळली. तार छेडून हात काढला तरी सूर जाईना. कुणी हाक मारत मारत डोंगर उतरावा तसा त्यो सूर येतच व्हता. मालकांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणलं, घ्या.

बबननं घरी येईपर्यंत त्याचं नाव ठेवलं, तिखट.

त्याच्यावर नॉब लई. पण खरा नॉब एकच, गेनचा. नारायणगावच्या मेकॅनिकला मी इचारलं, "दादा, व्हॉल्यूम बी वाढवतो आन् गेन बी वाढवतो, मंग दोन कशाला?" त्यो भला माणूस. हातातलं काम ठेवून म्हणला, "आक्का, व्हॉल्यूम म्हंजे मशीन किती मोठ्यानं बोलतंय. गेन म्हंजे मशीन किती कान देऊन ऐकतंय. तुमचं हे मशीन लई ऐकतं."

तेवढं एक वाक्य मला जलमभर पुरलं. त्याचा गुण बी त्योच आन् खोड बी तीच. नखानं तार हलली तरी त्याला ऐकू जातं, आन् ढोलाच्या गदारोळातून बेंजो वर काढून दाखवतं. पण जे ऐकायला नको ते बी ऐकतं. जनरेटरची घरघर ऐकतं. खिशातला मोबाइल वाजायच्या आधी टिर्र टिर्र करतं. बटणाची टकटक ऐकतं. आन् सगळ्यात वाईट म्हंजे सोताचाच आवाज ऐकतं. वाजवणारा थांबला आन् तारा मोकळ्या राहिल्या, की बॉक्समधला आवाज तारांत शिरतो, तारांतला मशीनमधी, मशीनमधला परत बॉक्समधी. मंग अशी शिट्टी मारतं की कानाचे पडदे फाटतील.

ह्या शिट्टीनं आमाला एकदा घाटात अडचणीत आणलं. घाट म्हंजे बैलगाड्यांच्या शर्यतीची जागा. आमचा टेम्पो गाडे जुंपतात तिथंच उभा केलेला. मालक पाणी प्यायला उतरले आन् बेंजो तसाच राहिला. मी नॉबकडं हात नेईस्तोवर मशीननं शिट्टी मारली. जुंपलेले बैल उधळले. धरणारी माणसं बाजूला पडली, आन् गाडा गेला की सुसाट वरपर्यंत. दिवसभरात असा कुणाचा गाडा पळाला नव्हता. पण निशाण पडलं नव्हतं, म्हणून पुकारणारा भोंग्यावरून म्हणला, "ही बारी धरली जाणार न्हाई."

गाडामालक तावातावानं आमच्याकडं आला. "कुणाचं हाय हे मशीन? माझी बारी घालवली."

बबन टेम्पोतून खाली उतरला न्हाई. वरूनच म्हणला, "राव, तुमचे बैल एवढे पळत्यात हे तुमाला तरी ठावं व्हतं का? आमी दाखवलं. नारळ द्यायचा सोडून भांडताय."

लोक हसले, गाडामालकाला बी हसू आलं, म्हणून वाचलो. तवापास्नं मालक थांबले की आधी माझा हात नॉबवर जायचा, मंग त्यांचा पाण्याच्या तांब्यावर.

दुसरी खोड महाळुंगे पडवळच्या लग्नात कळली. तिथल्या माइकचं मशीन जळालं. नवरीकडची माणसं म्हणली, तुमच्या मशीनला माइक लावा. मी म्हणलं, "हे तारांचं मशीन हाय. ह्याला बोलणं पचत न्हाई." पण मुहूर्त टळत चाललेला, कोण ऐकतंय? लावला माइक. गुरुजींनी "शुभमंगल" म्हणलं आन् मांडवात वाघ गुरगुरल्यासारखं झालं. "सावधान" म्हणल्यावर तर बारकी पोरं आयांना बिलगली. नवरदेवाची आजी कानावर हात ठेवून म्हणली, "लगीन लावताय का लढाई?" गुरुजींनी माइक खाली ठेवला आन् घसा ताणून म्हणून टाकलं.

असं का व्हतं ते सांगते. ह्या मशीनला एका येळी एकच सूर द्यायचा. एक दिला तर सोन्यासारखा धरून ठेवील. दोन-चार एकदम दिले तर चिखल करतं. माणसाच्या बोलण्यात तर किती सूर मिसळलेले असतात. म्हणून बोलायला, भजनाला, बाजाच्या पेटीला हे मशीन न्हाई.

आन् एक गोष्ट ते खाऊन टाकतं, तिचं मला आजबी वाईट वाटतं. मालकांचा हात लई नाजूक. नवरी घरातून निघताना ते असं वाजवायचे, की आधी ऐकू येतंय का न्हाई, मंग भरत भरत यायचं, आन् परत इरून जायचं. साध्या मशीनवर त्यो चढउतार कळायचा. तिखटावर हळू छेडा, जोरात छेडा, बाहेर सारखंच. पार्टी चालली, सुपाऱ्या वाढल्या, आन् ते इरून जाणारं वाजवणं मागं राहिलं. मालक कधी बोलले न्हाईत. पण घरी बसले की साध्या मशीनवर वाजवायचे.

मंग एक दिवस सकाळी चहाची बशी त्यांच्या उजव्या हातातून सुटली. तोंड वाकडं झालं. दवाखाना झाला, तोंड सरळ झालं, पाय चालला. उजवा हात मातर पयल्यासारखा आला न्हाई. उचलायचा, पण जड. बोटांत जोर न्हाई. बेंजो फडक्यात बांधून फळीवर गेला. मी कांद्याच्या खुरपणीला जायचे, बबन टेम्पोतून भाजीपाला न्यायचा. मालक ओट्यावर भिंतीकडं तोंड करून बसायचे. जेवा म्हणलं की जेवायचे. न्हाई म्हणलं तर इचारायचे न्हाईत.

आमच्या गावात खंडोबाची यात्रा भरती. पालखी देवळातून निघती आन् गावातल्या एकूण एक दारात थांबती. घरच्या बाईनं भोयांच्या पायावर पाणी घालायचं, देवाला ओवाळायचं. पालखीम्होरं बेंजो वाजवायचा मान आमच्या मालकांचा. त्यात एक रीत हाय. पालखी दारात टेकली की गुरव घंटा वाजवतो, आन् घंटा वाजली की वाद्यानं जागच्या जागी गप व्हायचं. बाई ओवाळत असताना एवढासा आवाज चालत न्हाई. ओवाळून झालं की परत सुरू.

यात्रा जवळ आली तसे कमिटीचे तात्या घरी आले. मालकांच्या बरोबरीचे, लहानपणी दोघं एकत्र मेंढरामागं हिंडलेले. चहा घेतला आन् खाली बघत म्हणले, "यंदा डीजे सांगायचा इचार हाय. तुजा हात असा. एकदा डीजे आला म्हंजे पोरं परत बेंजो मागायची न्हाईत. पण मी काय करू?"

मालक म्हणले, "बरोबर हाय."

तात्या गेले. त्या दिवशी मी जेवा म्हणलं तरी मालक उठले न्हाईत. मला कळलं, मान गेला तर माणूस बी जाणार.

दुसऱ्या दुपारी मी बेंजो खाली काढला. साध्या मशीनला लावला आन् त्यांच्या म्होरं ठेवला. डाव्या हाताची बोटं आपोआप बटणावर गेली. तिथं काय बिघडलं नव्हतं. उजव्या हातानं तार छेडली, तर आवाज असा आला की कुणी लांबून कण्हतंय. त्यांनी पेटी सारली.

"ठेव फळीवर," म्हणले.

मी ठेवली न्हाई. तिखट वढत आणलं. दिवे तापू दिले, गेन पार शेवटपर्यंत नेला. "एकडाव परत छेडा," म्हणलं.

त्यांनी कंटाळून बोट लावलं. घर भरलं. सूर पयल्यासारखा, तेवढाच, त्याच्यात आजारपण न्हाई. मी मघाशी म्हणलं ना, हळू छेडा का जोरात, हे मशीन फरक ठेवत न्हाई. त्यांच्या वाजवण्यातलं जे नाजूक व्हतं ते त्यानं खाल्लं, तसा आता त्यांच्या हातातला लुळेपणा बी खाल्ला. मालकांनी दुसरा सूर घेतला, तिसरा घेतला. बबन बाहेरून पळत आला आन् दारातच उभा राहिला.

पण वाजवायचं थांबले, आन् शिट्टी.

गोची अशी, की बेंजो गप करायला उजवा पंजा तारांवर पडावा लागतो. डावा हात बटणावर धरून ठेवायचा आन् आधी उजव्यानं तारा दाबायच्या. डावा आधी उचलला तर मोकळ्या तारा बोंबलतात. मालकांचा उजवा पंजा येळेवर पडेना. पडला तरी दाब बसेना. गेन कमी करावा तर वाजवलेलं ऐकू जात न्हाई. मशीन बंद करावं तर मोठा दणका बसतो, आन् दिवे परत तापेपर्यंत पालखी निघून जाईल.

"बंद मी करते," मी म्हणलं. "तुमी नुसतं वाजवा."

त्यांची समदी गाणी मला पाठ. कुठं दम घेतात, कुठं वळतात, मला सैपाक करताना सुदीक कळायचं. त्यांचा दम आला की मी नॉब मिटायचा, सूर आला की उघडायचा. आधी चुका झाल्या. मी लवकर मिटायचे, ते म्हणायचे, "अगं, माझा गळा धरतीस का?" उशीर झाला की शिट्टी. पण रोज दुपारी बसलो, आन् जमलं.

तात्यांकडं मी एकटी गेले. म्हणलं, "ह्यांना वाजवू द्या. तुमचा डीजे मागं उभा ठेवा. पयली शिट्टी झाली की त्यो सुरू करा. मी सोता टेम्पो बाजूला घ्यायला लावीन."

तात्यांनी मला बसायला पाट सरकवला. मंग म्हणले, "आक्का, देवाम्होरं फजिती झाली तर त्याला सोसंल का?"

"घरात बसवून ठेवलेलं सोसतंय का ते बघा की येऊन."

"बरं," तात्या म्हणले. "पण शिट्टी झाली तर मी बी न्हाई थांबवू शकणार."

यात्रेच्या दिवशी पालखी निघाली. मालक म्होरं, मी मशीनवर, मागं डीजेचा टेम्पो गप चाललेला, त्याचा माणूस बटणाशी. पयलं दार आलं. घंटा झाली. मी नॉब मिटला. गप. बाईनं ओवाळलं. मी उघडला, मालकांनी सूर धरला. दुसरं दार, तिसरं दार. माणसं माना वळवून बघायला लागली. एक बाई म्हणली, "हात बरा झाला वाटतं." मी म्हणलं मनात, व्हय, झाला.

पण खंडोबाची पालखी म्हणल्यावर भंडारा आलाच. पोरं मुठी भरभरून हळद उधळत व्हती. माझं लुगडं पिवळं, मालकांचा फेटा पिवळा, मशीन पिवळं. चावडीजवळच्या दारात घंटा झाली, मी नॉब मिटला, तर खर्रर्र. हळद नॉबच्या आत गेलेली. मिटताना खर्र, उघडताना खर्र.

डीजेवाला मागून वरडला, "तात्या, करू का चालू?"

तात्यांनी हात वर केला. "खरखर व्हती. शिट्टी न्हाई. थांब."

बबननं खिडकीतून डोकं बाहेर काढून माझ्याकडं बघितलं. मला ठावं व्हतं, अजून दोन दारं आन् त्यो नॉब कामातून जाणार. मी गेन शेवटपर्यंत नेला आन् सोडून दिला. उठले, मालकांच्या उजव्या अंगाला जाऊन बसले. मालक वाजवत व्हते. हळूच म्हणले, "अगं, नॉब?"

"गेला. वाजवा तुमी."

घंटा झाली. मी माझा पंजा तारांवर ठेवला.

असं गप झालं की मला माझंच आश्चर्य वाटलं. नॉबपेक्षा चांगलं. आवाज जिथं जन्मतो तिथंच धरला व्हता. बाईनं ओवाळलं, गुरवानं खूण केली, मी हात उचलला आन् मालकांचं बोट तारंवर आलं. मंग दारामागून दार तसंच. गाव बघत व्हतं. वट्यावरच्या बायका म्हणल्या, "अगं बाई, चारचौघांत नवऱ्याच्या हाताला हात लावून बसली." दुसरी म्हणली, "बसू दे. तुझा नवरा तुला टेम्पोत तरी चढू देतो का?" भोयांनी पाय उचलायचा ठेका मालकांच्या सुरावर बांधला. तात्या मागं चालत व्हते ते म्होरं येऊन टेम्पोच्या कडंनं चालायला लागले. डीजेवाल्यानं बटणावरचा हात काढून खिशात घातला.

आन् मंग आमचं घर आलं.

घरात दुसरं बाईमाणूस नव्हतं. सून बाळंतपणाला माहेरी. दारातलं ओवाळणं घरच्या बाईनंच करायचं, ही गावाची रीत. देव दारात आला आन् बाई उतरली न्हाई, असं कधी झालं न्हाई. मी मालकांकडं बघितलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं. बोटं चालूच व्हती.

"जा," म्हणले. "देव थांबलाय."

"आन् शिट्टी झाली तर?"

"तू जा."

गुरवाची घंटा झाली. मी तारा दाबल्या, जरा थांबले, मंग हात उचलायच्या आधी पाय खाली सोडला. हात सोडला आन् मागं न बघता दाराकडं चालू लागले. ताट उंबऱ्याजवळ लावून ठेवलेलं. तांब्या उचलला, भोयांच्या पायावर पाणी घातलं. कान मागं. देवाला हळदीकुंकू लावलं. कान मागं. ताट फिरवलं. गावात एवढी माणसं, पण निरांजनाची वात तडतडली ती सुदीक ऐकू आली. शिट्टी न्हाई.

मी मान वळवली. मालक बेंजोवर वाकले व्हते. डावा हात बटणावर, उजवा मांडीवर तसाच, आन् कपाळ तारांवर टेकवलेलं. अख्ख्या डोक्याचा भार देऊन त्यांनी तारा दाबून धरल्या व्हत्या. माणसांना वाटलं, सोताच्या दारात देवाला नमस्कार करतोय. पाच-पंचवीस जणांनी त्यांचं बघून हात जोडले. तात्यांनी टोपी काढली.

गुरवानं खूण केली. मालकांनी डोकं उचललं. कपाळावर हळदीत तारांच्या रेघा उमटलेल्या. त्यांनी माझी वाट बघितली न्हाई. उजवा हात उचलून तारंवर टाकला आन् असा सूर घेतला की भोयांनी पालखी उचललीच. बबननं टेम्पो सोडला. पालखी निघाली, गाव निघालं, डीजेवाला बी टाळ्या वाजवत निघाला.

"आवो, थांबा की," मी म्हणलं.

कोण थांबतंय? मी जळतं निरांजन पदरानं झाकून, ताट हातात घेऊन, त्या बेंजोच्या मागं पळत व्हते.